बुलेटची किक आता मारवत नाही. विकू, सेल्फ (बटणाचा स्टार्टर) बसवू की दुसरी बांधून घेऊ?

उजवागिअर
मंडळी, प्रश्न गुडघ्याचाही आहे आणि गाडीचाही. आरोग्य विभागात टाकायचा की वाहन विभागात ते कळेना, म्हणून इथे टाकलाय. ॲडमिननी हवा तर हलवावा.

माझ्याकडे १९८७ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. १९९६ साली सेकंडहँड घेतली, १८ हजारांना. कागद भावाच्या नावावर नाहीत, नवऱ्याच्या नाहीत, माझ्या नावावर. तेव्हा वय २८, आता ५७. उंची तेव्हा पाच फूट एक इंच होती, आता मोजायला जात नाही.

सुरुवात मामाच्या लूनावर झाली. मग भावाने आरएक्स १०० घेतली. रविवारी पहाटे तो झोपेत असताना मी ती ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची आणि शिवडीच्या पोर्ट ट्रस्टच्या रस्त्यांवर चालवायची. रविवारी तिथे ट्रक नसत, कुत्री तेवढी असत. पेट्रोल कमी झालेलं त्याला कळायचं, पण बोलायची सोय नव्हती, कारण ती गाडी त्यानेही बाबांना न सांगताच घेतली होती.

बुलेट घेतल्यावर पहिल्या आठवड्यात तीनदा पडले. लालबागला भारतमातासमोर सिग्नलला पाय टेकवायला गेले तर खाली खड्डा. गाडी आडवी, मी तिच्यावर. चिवडा गल्लीतल्या दोघांनी दोघींना उचललं आणि वर पाव किलो पातळ पोह्यांचा चिवडा हातात दिला. त्याच रात्री सीटचं कव्हर काढून ब्रेड कापायच्या सुरीने फोम तासला आणि रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडून नवीन रेक्झिन मारून घेतलं. माझं पहिलं कस्टम काम हेच. नंतर हँडल मागे घेतलं, गिअरचा लिव्हर वाकवून घेतला, सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टची केली.

आता अडचण अशी. उजवा गुडघा झिजलाय. किकही उजव्या पायाने आणि गिअरही उजव्यानेच. डॉक्टर म्हणाले, किक बंद. सकाळी थंड असताना हल्ली आठ-दहा किका लागतात. गेल्या महिन्यात एकदा किक अशी उलटी आली की पार्किंगमध्ये वीस मिनिटं तशीच बसून होते. चाळीचा टॉवर झालाय, खाली तीन पातळ्यांचं पार्किंग आहे, ढकलत नेऊन स्टार्ट करायलाही उतार नाही.

एक गिऱ्हाईक बरी किंमत देतंय. मुलगा म्हणतो सेल्फ बसव. भाची म्हणते नवीन घे आणि स्वतःच्या मापाची करून घे. मला काही सुचत नाही.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर
फोटोशिवाय धागा फाऊल.

जुनंतेसोनं
विकू नका! कास्ट आयर्नचा तो डुग डुग डुग आवाज आता बाजारात मिळत नाही. आणि कृपा करून काही बसवूही नका. इंजिन, फ्रेम, टाकी, अँमीटर, सगळं कंपनीचं ठेवा. सीट कापलीत हेच वाचवलं नाही हो.

उजवागिअर
@जुनंतेसोनं, सीट कापली नसती तर पुढची एकोणतीस वर्षं गाडी चिवडा गल्लीवाल्यांनीच चालवली असती.

अस्थिपंजर
पेशाने हाडांचा डॉक्टर, छंदाने पिलियन (बायको चालवते, मी मागे). किकच्या जोरापेक्षा उलट्या झटक्याची भीती जास्त. गुडघा सरळ होत असताना खालून रट्टा बसतो आणि झिजलेल्या सांध्याला तो झेपत नाही. तुमच्या डॉक्टरांशी मी सहमत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करताय ना? इथे कोणी तेल सुचवायला आलं तर लक्ष देऊ नका.

नाना_परळकर
ताई, राग मानू नका. बुलेट हे बायकांचं वाहन नव्हेच. दीड क्विंटलच्या वर वजन, ते सांभाळायला खांदे लागतात. या वयात ॲक्टिव्हा घ्या, पुढे भाजीची पिशवी राहते, वर छत्री. आमच्या वेळी बायका बुलेटवर मागे बसत आणि तेही एका बाजूला.

दादरची_राधा
आले नाना. पॉपकॉर्न घेऊन बसते.

तळ्यातमळ्यात
नानांना सप्रेम: टेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाऊनला पोचल्या. ६०० सीसीची पँथर मोटरसायकल, बाजूला साइडकार, मागे ट्रेलर. वाळूत रुतलं की त्याच उपसायच्या. त्याच सुमारास बीट्रिस शिलिंग ही इंजिनिअर बाई नॉर्टन बाइकवर ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर गेली. पुढे महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानं सूर मारताना बंद पडायची, कारण कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उसळायचं. त्यावर तिने छिद्र असलेली एक लहानशी चकती शोधून काढली. खांद्यांचा उल्लेख कुठे सापडला नाही.

नाना_परळकर
त्या गोऱ्या बायका.

दादरची_राधा
नाना, गुढीपाडव्याला गिरगावात या. नऊवारी, नथ, फेटा आणि खाली बुलेट. मी सहा वर्षं शोभायात्रेत चालवतेय. आतली गोष्ट सांगते, खांदे दुखतच नाहीत. नऊवारीचा काष्टा गरम सायलेन्सरला लागू न देणं आणि ढोलपथकामागे पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून दोन तास रांगणं, यात जीव जातो. डावं मनगट दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलू देत नाही. आणि गाडी तापली की खाली बसल्यासारखी होते, मग मध्येच बंद करून कौतुकाने गुढी बघत उभं राहायचं, लोकांना वाटतं फोटोसाठी थांबल्यात.

एमएच०४_चा_पोरगा
धागा वाचून मजा आली. अवांतर करतो, कारण पोटात दुखतंय. या शहरात चांगला रस्ता झाला की पहिली पाटी लागते ती दुचाकींना बंदी असल्याची. सी लिंक बंद, फ्रीवे बंद, कोस्टल रोड बंद, जेजे पूल बंद, अटल सेतू बंद. पुण्याला जायचं तर एक्स्प्रेसवे बंद. आम्ही टॅक्स भरतो तो ट्रकवाल्यांच्या मागून धूर खायला?

कलमदान
अटल सेतूचं दुःख असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या. बाइक चढवता येते, वाऱ्यात तासभर बसा, उतरलात की अलिबाग. खोपोली-खंडाळ्याचा जुना घाटही दुचाकीला चालतो.

मूळ प्रश्नाकडे. कायद्याचं दोन ओळींत सांगतो, कारण अर्धे गॅरेजवाले हे सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: आरसी बुकात नोंदलेली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. फ्रेम कापणं तर विसराच. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग नोंद. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच बघते.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर
म्हणजे ब्रेडच्या सुरीचे ५०००?

कलमदान
सीटचा फोम तासल्याबद्दल मी तरी कोणाला आत टाकणार नाही. सायलेन्सर बदललात तर मात्र माझ्याकडे येऊ नका. रोडरोलरखाली जातात ते बघताना मलाच समाधान मिळतं. तळमजल्याला राहतो.

ग्रीसचेहात
धाग्यावर उशिरा आले, दिवसभर एका गाडीचं वायरिंग उसवत होते.

मी ३१ वर्षांची, कुर्ल्याला सीएसटी रोडच्या एका गल्लीत गॅरेज आहे, दोन भागीदार, त्यातली मी वेल्डिंगवाली. अजूनही फोनवर "मालकांना द्या" म्हणतात. आता मी "मालक गाडीखाली आहेत, बोला" असं सांगते आणि गाडीखालूनच बोलते.

माझी पहिली गाडी ॲव्हेंजर, कारण तिच्यावर पाय टेकत होते, दुसरं काही कारण नाही. तिच्यावरच शिकले. मडगार्ड कापलं, मागचा लाइट तीनदा लावला आणि तीनदा पावसात गेला. चौथ्यांदा कळलं की जॉइंट वितळवून नीट झाकायचे असतात, नुसती टेप गुंडाळून मुंबईचा पाऊस थांबत नाही. कस्टम म्हणजे लोकांना टाकीवरची कवटी दिसते. खरं काम वायरिंगचं असतं आणि ते कोणी बघत नाही.

माझा अनुभव असा की पुरुष गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा रंग विचारतं. बाई आली की विचारते, पाय टेकेल का? म्हणून मी बांधणी सीटपासून सुरू करते. सीट काढून फ्रेमवर प्लायचा तुकडा ठेवते, वर गोणपाटाच्या घड्या. गिऱ्हाइकाला बसवायचं, दोन्ही पाय सोडायला सांगायचे, एकेक घडी काढत जायची. मग मागून आणि बाजूने फोटो काढते. नव्वद टक्के वेळा अडचण उंचीची नसतेच, रुंदीची असते. सीटचं नाक रुंद असलं की मांड्या फाकतात आणि तिथेच इंच-दीड इंच खर्ची पडतो. नाक अरुंद करा, पाय सरळ खाली उतरतो. फ्रेमला हात लावायची गरज नाही.

उलट जे नवशिके मागचे शॉकअप छोटे टाकून गाडी बसवतात त्यांच्याकडे जाऊ नका. मागून खाली आली की पुढचा फोर्क जास्त आडवा पडतो आणि वळणावर गाडी जड लागते. साइड स्टँड लांब ठरतो, गाडी उभीच राहते आणि एक दिवस पलीकडे पडते. शिवाय आपले स्पीडब्रेकर. सायलेन्सर घासला की जो आवाज येतो तो ऐकवत नाही.

उगिताई (म्हणजे उजवागिअर), सेल्फबद्दल: तुमच्या इंजिनला किट मिळतं, पण त्यातला स्प्रॅग क्लच (एकाच दिशेने पकडणारा) हा नाजूक भाग. इंजिनाने एकदा उलटा झटका दिला की तो फुटतो, आणि फुटला की तुकडे चेनकेसमध्ये. बारा व्होल्टची असली तरी बॅटरी मोठी लागेल. मी बसवून देत नाही, पैसे मिळत असले तरी. सीटला मात्र या. ब्रेडच्या सुरीचं काम बघायचंच आहे.

जुनंतेसोनं
ग्रीसचेहात, सेल्फला नाही म्हणालात, दंडवत. बाकी कवटी नको हो कुठे.

एमएच०४_चा_पोरगा
माझ्या बहिणीची उंची तुमच्याएवढीच आहे उगिताई. तिला शोरूममध्ये सांगितलं, "मॅडम, स्कूटर बघा ना." ती उलट्या पावली बाहेर. मग शेजारच्यांची क्लासिक घेतली, सेकंडहँड. सिग्नलला एका बाजूला सरकून एकच पाय टेकवते, दुसरा पेगवर. मला हे जमत नाही, सहा फुटाचा असून.

उजवागिअर
एकच पाय हीच युक्ती. पण डावा पाय टेकवायचा तर उजव्याला गिअर सांभाळावा लागतो, आणि चढावर ब्रेक डाव्या पायात असतो म्हणजे तो टेकवता येत नाही. म्हणून माझी गाडी चढावर मी पुढच्या ब्रेकवरच धरते. परळ टीटीच्या पुलावर उतरताना-चढताना हे शिकले, मागे ४ नंबरची बस हॉर्न मारत असताना. भाचीला माझी गाडी दिली तर तिने गिअर समजून जोरात ब्रेक दाबला. मी मागे होते. दोघी शिव्या देत हसत होतो.

नाना, भाजीचं म्हणाल तर बुलेटच्या क्रॅशगार्डला दोन पिशव्या लागतात. कोथिंबीर तेवढी मरते.

नाना_परळकर
कोथिंबिरीचं म्हणून तर सांगतोय.

सासुरवाशीण_नं_१
इथे कोणी अजून लपूनछपून शिकणारी आहे का? मी आहे. विक्रोळीला सासर, नवऱ्याला माहितीये, सासूबाईंना नाही. पहाटे साडेपाचला आरे कॉलनीत. हेल्मेट मैत्रिणीकडे ठेवलंय.

दादरची_राधा
आहेत ग, ढीगभर. २०११ ला पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी बायकर्नी हा बाइकवाल्या बायकांचा गट सुरू केला, त्याआधी तर प्रत्येकीला वाटायचं आपण एकटीच वेडी. आणि हेल्मेट कुठेही ठेव, घाल मात्र. मागे बसणारीनेही. मुंबईत २०२२ पासून सक्ती आहे.

सासुरवाशीण_नं_१
सासूबाईंनी काल विचारलं, "केसांना हे कसलं वळण पडतंय रोज?" म्हटलं नवीन शॅम्पू.

टॅपेट
सगळा धागा वाचला. एक गोष्ट कोणीच विचारली नाही.

ताई, किक उलटी येते म्हणालात. कधीपासून? फक्त थंड असताना की गरम असतानाही? पूर्वी येत होती का? बुलेटवर एकोणतीस वर्षं काढलेल्या बाईला किक मारायला शिकवायचं धाडस मी करणार नाही. अँमीटरचा काटा मध्यावर, डीकॉम्प (इंजिनातला दाब सोडायची खिटी) दाबून जरा पुढे, सोडून मग पूर्ण किक, हे तुम्हाला येतंच. तरी उलटी येत असेल तर दोष पायात नाही, ठिणगीच्या टायमिंगमध्ये आहे.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. पॉइंटचा (ठिणगीसाठी उघडझाप करतो तो) गॅप १५ थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, आहे का बघा. मग मधला कॅम बोटांनी, तो फिरतो त्या दिशेला, पिळा आणि सोडा. आपोआप झटकन मागे आला पाहिजे. आला नाही, रेंगाळला, तर खालच्या दोन वजनांच्या स्प्रिंगा थकल्यात. मग होतं काय, किकच्या वेळी ठिणगी उशिरा पडायला हवी ती आधीच पडते. पिस्टन अजून वर चाललेला, आणि वरून रट्टा. तो किकमधून थेट तुमच्या गुडघ्यात.

तीस वर्षं हेच काम केलं. अशा किती गाड्या "आता वय झालं" म्हणून विकल्या गेल्या ते मी बघितलंय. वय स्प्रिंगांचं झालेलं असतं.

अस्थिपंजर
टॅपेटकाका, गुडघ्यातही स्प्रिंगा असत्या तर माझा धंदा बसला असता.

उजवागिअर
काका, दोन-तीन वर्षांपासून. गरम असतानाही येते कधीकधी. मी समजत होते माझाच जोर कमी पडतो, म्हणून अर्धवट किक बसते. उद्या उघडते.

जुनंतेसोनं
वाचनखूण साठवली. स्प्रिंगा ओरिजिनलच घ्या.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर
आणि फोटो.

ग्रीसचेहात
टॅपेटकाका, लाज वाटली. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये "उलटी आली" लिहिलं होतं आणि मी सीटवर चार परिच्छेद लिहिले. तुम्ही कुठे असता? चहा माझ्याकडे.

टॅपेट
माझगावला. रिटायर. बिनसाखरेचा.

उजवागिअर
अकरा दिवसांनी लिहितेय, माफी असावी.

झाकण उघडलं. वॉचमनने मोबाइलचा टॉर्च धरला, शिवाय लिफ्टची वाट बघणारे चार जण. कॅम पिळून सोडला, तर तो आळस देत देत, निम्म्यावर येऊन थांबला. आत बघितलं तर एक स्प्रिंग ओढून इतकी लांब झालेली की वजनाला नुसती टांगलेली होती. दुसरी बरी, पण तिच्यावर गंज. स्प्रिंगांची जोडी दोन वडापावच्या पैशात मिळाली, तीही सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने खाली ठरवून दिली. गॅप बघितला तर २२ थाउ. तोही नीट केला. पॉइंटवर कानस फिरवताना चष्मा दोनदा आत पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड. काटा मध्यावर. पहिली किक, काही नाही. दुसरी किक, खोकली. तिसरीला लागली. उलटी नाही. वॉचमन "चालू झाली, चालू झाली" करत इंटरकॉमवर कोणालातरी सांगायला धावला. मी तिथेच उभी राहिले, डाव्या हाताने एक्झॉस्टजवळची हवा गरम होते का बघत, उगीच.

तीन किका म्हणजे तीनच, हे डॉक्टरांनाही सांगून आले. ते म्हणाले, आठवड्यातून एक दिवस, त्याहून जास्त नाही. म्हणून गाडी विकत नाही, सेल्फही बसवत नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं, त्याने दोन हजार वाढवून बघितले. @ग्रीसचेहात, रविवारी सीट घेऊन येते, नाक अरुंद करायचं. सुरी आणू का?

आणि नाना, बाकीच्या सहा दिवसांसाठी ॲक्टिव्हा घेतली. पुढे पिशवी राहते. कोथिंबीर ठणठणीत.

नाना_परळकर
(मनातल्या मनात फेटा बांधून घेत आहे.) बुलेट कोणत्या रंगाची आहे हो?

ग्रीसचेहात
सुरी नको, साडी नको, मांडीची घडी बघायला सुटसुटीत कपडे घाला. टॅपेटकाकाही येताहेत, चहा प्यायला आणि माझ्या वायरिंगला नावं ठेवायला.

सासुरवाशीण_नं_१
मी पण येऊ? सासूबाईंना शॅम्पू आणायला जाते सांगेन.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर
फोटो?

उजवागिअर
काळी, नाना. फोटो वॉचमनने काढलाय, टाकते. गाडी पूर्ण आलीये, माझं डोकं कापलं गेलंय.